कोर्स कोणता, हे सगळ्यात शेवटी ठरवा

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ३४ वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलं आहे. २००९ मध्ये त्या कला शाखेतून बारावी झाल्या, ५८ टक्के मिळाले, आणि पुढच्याच वर्षी लग्न झालं. तीन वर्षांपूर्वी पती आजारपणात गेले. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. घरी सासू-सासरे, बाजूच्या घरात भासरे (मोठे दीर) आणि जाऊ. पतीच्या नावावर दोन एकर कोरडवाहू वावर आहे, ते भासरेच पाहतात. बाई शिवणकाम करतात, हंगामात सोयाबीन सोंगायला आणि कापूस वेचायला जातात. दागिने मोडून आलेले ८० हजार रुपये बँकेत ठेवले आहेत. तालुक्याच्या एका संस्थेचा माणूस म्हणतो, ६० हजार भरा, एका वर्षात नर्सिंगचा कोर्स आणि दवाखान्यात नोकरी पक्की. अमरावतीचा भाऊ म्हणतो, पोरं घेऊन आमच्याकडे ये आणि डी.एड. कर. भासऱ्यांनी सासूबाईंच्या तोंडून निरोप दिला आहे, "तिले सांग, आता पोराईचं पाय. शिकाचं वय गेलं." बाई विचारतात, "मॅडम, मला दुसरं काही येत नाही. कोणता कोर्स केला तर नोकरी नक्की लागेल? पोरींच्या वयाच्या मुलींसोबत बाकावर बसायची लाज वाटते. आणि घरी हे कसं सांगू?"

ताई, तुमचं पत्र चार पानांचं आहे. 'कोणता कोर्स' हा प्रश्न पहिल्याच पानावर तीनदा आला आहे. तिसऱ्या पानावर मुलांच्या शाळेबद्दल लिहिता लिहिता तुम्ही एक वाक्य टाकून दिलंय, "बचत गटाचं रजिस्टर मीच लिहिते, सहा वर्षं झाली." त्यावर पुढे एक अक्षर नाही. मी मात्र तिथेच थांबले.

गटाचं रजिस्टर म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. बारा बायकांची महिन्याची बचत, कुणाचं अंतर्गत कर्ज, त्यावरचं व्याज, उशिराचा दंड, बँकेचा हप्ता. बैठक संपली की पेटीतली रोकड आणि वहीतला आकडा जुळलाच पाहिजे, नाहीतर त्याच रात्री गावभर चर्चा. एखादीने अर्धाच हप्ता दिला तर तो व्याजात धरायचा की मुद्दलात, हे तुम्ही तिथल्या तिथे ठरवता. सहा वर्षं बारा घरांचा पैसा ज्या बाईच्या अक्षरावर चालतो, तिने 'मला दुसरं काही येत नाही' असं लिहिलेलं मला मान्य नाही. तुम्हाला हिशेब येतो. त्याचा कागद तुमच्याकडे नाही, एवढंच.

आता कोर्सकडे येते. आपल्याकडे बहुतेकांचं उलटं होतं. आधी कुणीतरी कोर्स सुचवतं, त्यात पैसे आणि दोन-तीन वर्षं जातात, आणि मग नोकरी कुठे आहे याचा शोध सुरू होतो. डी.एड. करून घरी बसलेल्या लेकी-सुना तुमच्याही गावात असतील. म्हणून तुम्ही दुसऱ्या टोकाकडून या. तुमच्या गावाहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत येता येईल, अशी कामं कोणती आहेत? त्यातलं कोणतं काम तुम्हाला वर्षानुवर्षं करावंसं वाटेल? त्या कामाला कोणता कागद मागतात? एवढं कळलं की कोर्सचं नाव आपोआप समोर येतं.

ते ६० हजार मात्र देऊ नका. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ती दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, तेही मान्यताप्राप्त संस्थेतून केल्यावरच मिळते. एका वर्षात नर्स होत नाही, आणि घरबसल्या दूरशिक्षणाने तर नाहीच नाही. त्या माणसाला एवढंच विचारा, "या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी होते का? लेखी द्या." नोकरीची हमीही लेखी मागा. असा कोर्स केलेल्या बायका पुढे खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून राबतात आणि पगारही तेवढाच मिळतो. तुम्हाला रुग्णसेवेची खरीच ओढ असेल तर रीतसर जीएनएमला बारावी कला चालते, पण प्रवेशासाठी वयाची मर्यादा ३५ आहे. म्हणजे तुमच्यासाठी ही जवळजवळ शेवटची संधी, आणि तीही पूर्णवेळ तीन वर्षांची, रात्रपाळीसकट. तुमच्या चार पानांत दवाखान्याबद्दल आवडीचं एकही वाक्य मला सापडलं नाही. म्हणून मी तुम्हाला तिकडे ढकलणार नाही.

भावाचं मन मोठं आहे. पण डी.एड. म्हणजे दोन वर्षांचा कोर्स, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या सरकारी शिक्षक भरतीच्या पोर्टलवर भरती निघण्याची वाट. तोवर तुम्ही आणि दोन लेकरं भावाच्या घरात, आणि मुलगी नववी-दहावीच्या तोंडावर नव्या शाळेत. माझ्या मनाला हे पटत नाही.

वयाचा हिशेब मात्र उघड्या डोळ्यांनी करायला हवा. 'वय गेलं' असं म्हणणारे चुकतात, आणि 'वयाला काही अर्थ नाही' म्हणणारेही तुमचं नुकसान करतात. बी.ए., बी.कॉम.च्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. सरकारी भरतीला आहे. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. यंदा प्रवेश घेतलात तर पदवी हातात येईल तेव्हा तुम्ही ३७ च्या असाल. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. खुल्या प्रवर्गात असाल तर पदवीवर भरायच्या जागांसाठी जेमतेम वर्षभर उरेल, एवढ्याशा आशेवर तीन वर्षं लावू नका. मागास प्रवर्गात असाल तर पाच-सहा वर्षं हाती आहेत, शिवाय महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. मग तलाठी भरतीसारख्या परीक्षांची तयारी जरूर करा, पण ती मुख्य कामाच्या जोडीला.

मुख्य काम माझ्या मते हिशेबाचंच असावं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कारणासाठी आहे. मुख्यालय नाशिकला, विभागीय केंद्र अमरावतीला, आणि अभ्यासकेंद्रं बऱ्याच तालुक्यांच्या कॉलेजांत. कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही तिथे बी.कॉम.ला प्रवेश मिळतो. तास बहुतेक सुटीच्या दिवशी असतात आणि वर्षाची फी काही हजारांत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असल्यामुळे ही पदवी नोकरीसाठी नियमित कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाते. कुणी 'बाहेरून केलेली डिग्री' म्हणून नाक मुरडलं तरी फरक पडू देऊ नका.

तालुक्याचं नियमित कॉलेजही वाईट नाही. बायकांना एसटीचं भाडं २०२३ पासून अर्धंच लागतं, शिवाय रोज घराबाहेर पडल्याने माणूस मोकळा होतो. पण तिथे हजेरी पाहतात, आणि तुमची रोजी शिलाई मशीनवर आणि वावरात आहे. रोजी बुडवून रोज कॉलेजला जाणं तुम्हाला पहिल्याच वर्षी जड जाईल. मी तुमच्या जागी असते तर मुक्त विद्यापीठच घेतलं असतं.

पदवीची वाट पाहत हात बांधून बसू नका. पहिल्या वर्षातच एमएससीआयटी आणि मराठी ३० शब्दांचं संगणक टायपिंग करून घ्या. कारकुनाच्या जवळपास प्रत्येक जागेला हे दोन कागद मागतात. दुसऱ्या वर्षी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिका. मग पतसंस्था, जिनिंगचं ऑफिस, कर सल्लागार, कृषी सेवा केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, अशी दारं उघडतात. पहिला पगार तुमच्या आजच्या कमाईपेक्षा फार मोठा नसेल, हे आत्ताच सांगते. फरक असा की तो पावसावर अवलंबून नसेल, आणि दोन वर्षांच्या अनुभवावर तो वाढवून मागता येईल.

आणि हे काम सुरू करायला तर कॉलेजची गरजही नाही. तुमचा गट उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात असेल तर तालुका कक्षात जाऊन ताईंना सरळ विचारा, गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तीची किंवा बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बँक सखीची जागा कुठे आहे का. सहा वर्षांची ती रजिस्टरं सोबत न्या. गावात अंगणवाडी सेविकेची किंवा मदतनिसाची जागा निघते का, यावरही लक्ष ठेवा. त्याला बारावी लागते, तुम्ही त्याच गावच्या रहिवासी असायला हव्यात. वयाची अट ३५ असली तरी विधवा उमेदवारांसाठी ती ४० आहे. गुणांकनात विधवा असण्याचे वेगळे गुण आहेत, पदवी आणि एमएससीआयटीचेही आहेत. सेविकेला पगार नसून मानधन असतं, पण पदवीधर सेविकेला पुढे पर्यवेक्षिका होण्याची वाट असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी तुमचं शिक्षण वाया जात नाही.

आता पैसा. ८० हजारांना शक्यतो हात लावू नका, तो तुमचा आजारपणाचा आणि अडीनडीचा आधार आहे. आठवड्याच्या हप्त्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्या कोर्ससाठीही पैसे देऊ करतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी जे तुमच्या हक्काचं आहे ते मागा. मुलांचे वडील नसल्यामुळे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा. संजय गांधी निराधार योजनेत विधवांना महिन्याला १,५०० रुपये आहेत, तो अर्ज तहसीलला द्यायचा, आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. दोन्हींचे पैसे कधी कधी महिनोन् महिने अडकतात. म्हणून ते आले की कॉलेजच्या खर्चासाठी बाजूला टाका, पण त्यांच्या भरवशावर फीची तारीख धरू नका.

आणि ते दोन एकर. तुम्ही लिहिलंय, 'वावर भासरेच पाहतात,' पण सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली का, ते लिहिलेलं नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या जमिनीत तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई असे चौघांचे सारखे हिस्से होतात. भासऱ्यांचा त्यात वाटा नाही, सासऱ्यांचाही नाही. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्या. मुलं अज्ञान असल्यामुळे त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई' आणि तुमचं नाव लागेल. तुम्ही शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलात म्हणून हा हक्क कुठेही जात नाही. मी हे भांडण लावायला सांगत नाही. वावर भासऱ्यांनीच वाहावं, पण कसतो कोण आणि मालक कोण, हे कागदावर स्पष्ट असलं म्हणजे घरात बोलतानाही तुमचा आवाज बदलतो. हे मी अनेक बायकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

कागदपत्रांत बायका सर्वाधिक अडतात त्या नावापाशी. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत स्पेलिंग तिसरंच. आमच्या अभ्यासकेंद्रात अर्ज भरायला आलेली बाई नावाच्या रकान्यावर पेन टेकवून थांबते आणि विचारते, "मॅडम, आता मी कोण लिहू?" प्रवेश मार्कशीटवरच्या नावाने घ्यायचा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला ठेवायचा, तो नसेल तर नावातल्या बदलाची राजपत्रात जाहिरात करून घ्यायची. बँकेतलं स्पेलिंग आधारप्रमाणे करून आधार खात्याला जोडून घ्या, कारण शिष्यवृत्ती आणि योजनेचा पैसा आधार जोडलेल्या खात्यातच येतो. जातीचा दाखला तुमच्या वडिलांच्या बाजूचा लागेल, तेव्हा माहेरी जाल तेव्हा वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला शोधून आणा. मार्कशीट हरवली असेल तर दुसरी प्रत अमरावती विभागीय मंडळातून मिळते. मधल्या १६ वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, ते सेतू केंद्रात होतं. ही कामं मे महिन्यातच उरका. जूनमध्ये पेरणी आणि प्रवेश एकदम अंगावर येतात.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही आली आहेत, त्यांनाही इथेच दोन शब्द. दहावी किंवा बारावीच्या आधी शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा देता येते. चौकशी जवळच्या हायस्कुलात किंवा ज्युनिअर कॉलेजात करा. नवऱ्याने टाकलेल्या, पण घटस्फोट न झालेल्या बायका निराधार योजनेला अर्ज करू शकतात, 'कागद नाही' म्हणून घरी बसू नका. बालसंगोपन योजना बायको गेलेल्या बापाच्या मुलांनाही लागू आहे, हे बऱ्याच बापांना कुणी सांगतच नाही. आणि घरात मुलगी अभियांत्रिकी, फार्मसीसारख्या व्यावसायिक कोर्सला जात असेल तर २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. प्रवेश मात्र केंद्रीभूत पद्धतीनेच झालेला असावा लागतो.

बाकावर बसायच्या लाजेबद्दल. मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या वर्गात आशाताई असतात, होमगार्ड असतात, एखादे पन्नाशीचे शिपाईकाका असतात. वर्गात सगळ्यांत मोठ्या तुम्हीच असाल, ही भीती पहिल्याच रविवारी निघून जाईल. आपल्या विदर्भातल्याच, दलित समाजातल्या जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहिली, शिक्षण घेतलं, पुढे नागपुरात त्यांनी मुलींची शाळा काढली. ज्या काळात त्यांच्या समाजातल्या मुलींना वर्गात बसू देत नव्हते, त्या काळात त्या शिकल्या.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या आठवीतल्या मुलीची. आई अभ्यासाला बसली की घरात पोळ्यांचं पोलपाट आपोआप मुलीकडे सरकतं. कुणी सांगतही नाही आणि तीही बोलत नाही, मग दहावीच्या निकालात ते दिसतं. म्हणून कामं आधीच वाटून घ्या. चौथीतला मुलगा पाणी भरू शकतो, भांडी विसळू शकतो, आपलं दप्तर आपण भरू शकतो. रात्री साडेआठ ते दहा तिघं एका दिव्याखाली बसा, तिघांचीही पुस्तकं उघडी हवीत. परीक्षा हिवाळ्यात आली तर ती नेमकी वेचणीत येईल. त्या पंधरा दिवसांची मजुरी बुडणार हे आत्ताच धरून चाला आणि तेवढे पैसे उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या शिलाईतून बाजूला काढून ठेवा.

घरी सांगायचं ते आधी भासऱ्यांना नाही, सासूबाईंना. त्यांचा मुलगा गेला आहे. तुम्ही अमरावतीला भावाकडे जाणार, नातवंडंही जाणार, या धास्तीने त्यांना झोप येत नसणार. 'शिकायचं वय गेलं' या निरोपामागे तीच धास्ती असू शकते. म्हणून 'मला शिकायचं आहे' एवढंच सांगू नका. असं सांगा, "आई, मी गाव सोडणार नाही. तीन वर्षं, रविवारी सकाळच्या गाडीने तालुक्याला जाईन, चारच्या गाडीने परत येईन. त्या दिवशीचा स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवीन. फी मी माझ्या शिलाईतून भरीन." पैसे मागायचे नाहीत आणि गाव सोडायचं नाही, हे दोन शब्द त्यांच्या कानावर गेले की भासऱ्यांपर्यंत कसं पोचवायचं ते त्याच पाहतील. तरी नकार आला तर वाद घालू नका, आणि फॉर्म भरायचंही थांबू नका. ३४ वर्षांच्या बाईला प्रवेश अर्जावर कुणाचीही सही लागत नाही.

तोवर प्रवर्ग कोणता आणि सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, हे मला कळवा. प्रवर्गावरून तलाठी भरतीची तयारी करावी की नाही, आणि सातबाऱ्यावरून वारस नोंदीचं काय करायचं, ते सांगता येईल.